मंडलेश्वर ते सहस्रधारा : नर्मदाकाठची एका दिवसाची सायकल सहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीचा फराळ संपत आला की हे प्रश्न यायला लागतात. इंदूरच्या रामबागेतून येतात, सुदामा नगरातून येतात, पुण्या-नागपूरहून इंदूरला पाहुणे म्हणून आलेल्या मंडळींकडूनही येतात. बहुतेक तेच ते असतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे मागे आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: या सहलीत किलोमीटर कमी आहेत ते मुद्दाम. वाचलेला वेळ घाटावर आणि आडवाटांवर घालवायचा आहे.

१. सहल नेमकी कुठून कुठे आहे आणि अंतर किती?

मंडलेश्वरच्या घाटावरून निघायचं, पश्चिमेला महेश्वर गाठायचं, तिथून पुढे सहस्रधारा, आणि त्याच रस्त्याने परत. मंडलेश्वर ते महेश्वर सुमारे ८ किलोमीटर, महेश्वर ते सहस्रधारा ५च्या आसपास. जाऊन-येऊन पंचवीस-सव्वीस होतात. आडवाटा धरल्या (प्रश्न ८) तर चाळीसच्या पुढे. सगळा रस्ता नर्मदेच्या उत्तर काठाने आहे.

मंडलेश्वरहून सुरुवात करायला सांगतो त्याला कारण आहे. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे परतताना पुन्हा पाठीशीच. महेश्वरहून उलट निघालात तर दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत येतं, आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा अंदाज चुकतो.

२. रस्ताभर नदी दिसत राहते का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. मुख्य रस्ता नदीला समांतर असला तरी थोडा आतून जातो. दोन्ही बाजूंना निमाडची, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातल्या या भागाची, शेती दिसते: कापूस, गहू, ऊस, केळी, मिरची. नदी भेटते ती घाटावर आणि गावातून काठाकडे उतरणाऱ्या पायवाटांवर. काठाकाठाने सलग सायकल चालवता येईल असा रस्ता नाही; ओहोळ आणि दरडी मध्ये येतात. शेताच्या बांधावरून वाट काढायची असेल तर आधी शेतात जो कोणी असेल त्याला विचारा. निमाडी माणूस सहसा नाही म्हणत नाही, उलट जवळची वाट दाखवतो.

३. इंदूरहून थेट सायकलनेच का जाऊ नये?

जाणारे जातात, पण मग ती सोपी सहल राहत नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी, कितीतरी खाली. म्हणजे जाताना घाट उतरायचा आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी तोच चढायचा. एका बाजूचं अंतरच ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. ज्यांना तरीही घाट हवा आहे त्यांनी प्रश्न १२ वाचावा.

४. मग सायकल मंडलेश्वरपर्यंत न्यायची कशी?

सगळ्यात सोयीचं म्हणजे गाडीच्या मागचा कॅरियर. चार-पाच जण असाल तर छोटा टेम्पो ठरवून सायकली आडव्या रचा, मध्ये जुन्या गोधड्या घाला आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) असलेली बाजू वर ठेवा. बसच्या टपावरही सायकल जाते. कंडक्टरशी आधी बोलायचं, दोरी आपली न्यायची आणि सायकल स्वतः बांधायची. रेल्वेचा विचार करू नका. महेश्वर किंवा मंडलेश्वरला स्टेशन नाही.

वाटेचे पर्याय दोन. पहिला आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूर, धामणोद आणि तिथून महेश्वर. रस्ता रुंद आहे, पण ट्रकांची वर्दळ मोठी आणि घाटातला उतार अपघातांसाठी बदनाम. दुसरा महूवरून जाम घाट उतरून थेट मंडलेश्वर. आम्ही दुसराच सुचवतो. घाटाच्या माथ्यावर जाम दरवाजा आहे, अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली बांधलेला. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या वाटेवरचं हे दगडी प्रवेशद्वार. कमानीतून खाली पाहिलं की विंध्याच्या सोंडा उतरत उतरत नर्मदेच्या खोऱ्यात विरघळताना दिसतात. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र पावसाळ्यातल्या रविवारी इथे गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

५. कोणती सायकल लागते? गिअर नसलेली चालेल का?

चालेल. मंडलेश्वर–महेश्वर रस्त्यावर लहान चढउतार आहेत, पण दम काढणारं काही नाही. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल मात्र आडवाटांवर त्रास देते. बाभळीचे काटे इथे भरपूर आहेत, म्हणून जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ हव्यातच. साध्या सायकलचं पंचर दोन्ही गावांत निघतं. गिअरच्या सायकलचा सुटा भाग मिळेल या भरवशावर जाऊ नका. भाड्याच्या सायकलवरही विसंबू नका, आपलीच न्या.

६. कोणते महिने चांगले?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारी माझ्या मते सर्वात सुंदर. सकाळी नदीवर धुकं असतं, दुपारचं ऊन सोसवतं, आणि शेतांत तोडलेली मिरची वाळत घातलेली असते. दुरून पाहिलं तर जमिनीवर लाल लुगडी पसरल्यासारखी दिसते. जवळून जाताना मात्र नाकावर रुमाल धरा, ठसका लागतो. खरगोन जिल्ह्यातला बेडिया हा मिरचीचा मोठा बाजार याच पिकावर चालतो.

मार्च संपला की निमाड तापायला लागतं. खरगोनचं नाव उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वात उष्ण गावांच्या यादीत हमखास असतं. एप्रिल-मे पूर्ण टाळा. पावसाळ्यात हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि सहस्रधारेच्या धारा पुरात दिसेनाशा होतात.

काही दिवस गर्दीचे असतात: मकर संक्रांत, माघातली नर्मदा जयंती, महाशिवरात्र, सोमवती अमावास्या आणि कार्तिक पौर्णिमा, जेव्हा महेश्वरला निमाड उत्सव भरतो. उत्सव पाहायचा असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी सायकल नको.

७. महेश्वरात काय पाहावं आणि किती वेळ ठेवावा?

तीन तास ठेवा. आपल्यातल्या बहुतेकांनी महेश्वर लहानपणी सहलीत पाहिलेलं असतं, आणि म्हणून मोठेपणी तासाभरात उरकलं जातं. तसं करू नका.

सकाळी वेळेत पोचलात तर आधी किल्ल्यावर अहिल्याबाईंच्या वाड्यात जा. तिथे रोज सकाळी लिंगार्चन होतं. ब्राह्मण काळ्या मातीची छोटी छोटी शिवलिंगं घडवतात, त्यांची पूजा करतात आणि मग ती नर्मदेत विसर्जित होतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली ही पूजा आजही सुरू आहे. त्यांची गादीही इथेच आहे. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला देह ठेवेपर्यंत त्यांनी राज्य चालवलं. ज्या जागेतून हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधायचे हुकूम सुटले, ती जागा किती साधी आहे हे प्रत्यक्ष पाहायला हवं. राजधानी इंदूरला गेली ती नंतर, १८१८ मध्ये.

वाड्यातून खाली उतरताना एका बाजूला विठोजी होळकरांची छत्री आणि दुसऱ्या बाजूला अहिल्येश्वराचं मंदिर लागतं. छत्रीच्या पायथ्याला कोरलेले हत्ती नीट पाहा. १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने विठोजींना हत्तीच्या पायी दिलं होतं. हे आठवून ती रांग पाहिली की मी तरी तिथून पटकन हलू शकत नाही.

राजराजेश्वर मंदिरातले अकरा अखंड नंदादीप चुकवू नका. साडी घ्यायची असेल तर आधी माग पाहा आणि मग दुकानात शिरा. किल्ल्यातल्या रेवा सोसायटीत, १९७९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, बायका मागावर बसलेल्या दिसतात. महेश्वरी साडीच्या काठावरची लाट, वीट, चटाई ही नक्षी घाटावर आणि किल्ल्याच्या भिंतींवर सापडते का ते शोधायला मुलांना लावा, ती रमतात.

सायकल वर चौकात कुलूप लावून ठेवा. घाटाच्या पायऱ्यांवर ती उतरवू नका.

८. आडवाटा कोणत्या? सगळ्या एका दिवसात होतात का?

होत नाहीत. दोन निवडा.

*जलूद* (मंडलेश्वरच्या पूर्वेला, नदीच्या वरच्या अंगाला). इंदूरकरांनी ही वाट एकदा तरी धरावीच. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी इथून उचललं जातं आणि सुमारे ७० किलोमीटर दूर, घाट चढवून इंदूरला पोचवलं जातं. पहिल्या टप्प्याचं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं. पाणी वर चढवायला प्रचंड वीज लागते, म्हणून महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी घेतलेलं कर्ज) काढून या भागात ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला. पंपघर बाहेरूनच पाहायचं आहे. जवळच महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचा बांध दिसतो. ४०० मेगावॉटची ही योजना गावकऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर आणि पैशांच्या गुंत्यात अडकून पडली आहे. मला ही भिंत पाहून दरवेळी काठावरच्या त्या गावांची आठवण येते, ज्यांची कित्येक वर्षं ‘उठायचं की राहायचं’ या प्रश्नात गेली.

*चोळी* (मंडलेश्वरच्या उत्तरेला, नदीपासून दूर). मोठा तलाव, जुनी देवळं आणि गौरी सोमनाथाचं माणसाहून उंच शिवलिंग. रस्ता शांत आहे. नदी नको झाली असं कधी होत नाही, पण गर्दी नको असेल त्या दिवशी इकडे वळा. हिवाळ्यात तलावावर पक्षी असतात.

*ज्वालेश्वर* (महेश्वरच्या पश्चिमेला). महेश्वरी नावाची छोटी नदी जिथे नर्मदेला मिळते तिथल्या टेकाडावरचं देऊळ. सहस्रधारेच्या वाटेवरच आहे, त्यामुळे वेगळा वेळ लागत नाही. संगमाचा देखावा घाटावरून दिसत नाही, इथूनच दिसतो.

*नावडातोली* (समोरचा दक्षिण काठ). महेश्वरच्या घाटावरून नावेने जायचं. सायकल नावेत घ्यायची का ते नावाड्याशी बोलून ठरवा. आम्ही ती अलीकडेच ठेवा म्हणतो. १९५०च्या दशकात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. गोल झोपड्या, तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी, साठवलेलं धान्य. आज वर पाहण्याजोगं फारसं उरलेलं नाही, पण या काठावरून महेश्वरचा किल्ला आणि घाट अखंड दिसतो, आणि फोटो काढायला याहून चांगली जागा नाही.

९. दिवसाची आखणी कशी करावी?

इंदूरहून पहाटे पाचला निघा. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा तुम्ही मंडलेश्वरला सायकली उतरवत असाल. जलूद करायचं असेल तर ते आधी, नऊच्या आत. नाही तर थेट महेश्वर, दुपारपर्यंत तिथेच. जेवून दोनच्या सुमारास सहस्रधारा, साडेचारला परतीचा रस्ता. अंधार पडायच्या आत सायकली गाडीवर चढलेल्या हव्यात. या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय धावतात, म्हणून तुमच्या सायकलला मागे लाल दिवा हवाच.

१०. खाण्यापिण्याचं काय?

सकाळचे पोहे मंडलेश्वरच्या बसस्टँडजवळ मिळतात. इंदूरच्या सवयीने शेव आणि जिरावण मागाल, ते असतं. वाटेत चहाच्या गुमट्या आहेत, ऊस निघाला की रसवंत्याही. जेवण महेश्वरात: दाल-बाटी किंवा साधी थाळी. निमाडचं खरं जेवण, म्हणजे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा, हॉटेलात क्वचितच मिळतं. ओळखीचं घर असेल तर आधी कळवून ठेवा. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी घाटाजवळ मिळते.

पाणी दोन लिटर घेऊन निघा. दारूबद्दल विचारणाऱ्यांसाठी: १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर आणि मंडलेश्वर या दोन्ही गावांत दारूबंदी आहे.

११. सहस्रधारेत पोहता येतं का?

नाही. याबाबतीत आम्ही कोणाचंही ऐकत नाही. इथे नदी काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटून वाहते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती त्याच्या बोटांमधून निसटली, अशी कथा सांगतात. पाणी उथळ वाटतं, पण खडकांमधल्या घळी खोल आहेत, शेवाळ निसरडं आहे आणि ओढ जबरदस्त आहे. इतकी की २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत कनू स्लालोमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून छोटी होडी हाकायच्या, शर्यती याच पाण्यात झाल्या. ते खेळाडू हेल्मेट, जीवरक्षक जाकीट आणि बचावपथक घेऊन उतरले होते. तुम्ही खडकावर बसून पाहा. स्नान करायचंच असेल तर महेश्वरच्या घाटावर, साखळी धरून.

१२. जाम घाट सायकलने उतरायचा आहे. चालेल?

घाटाचा सराव असेल आणि ब्रेक आदल्या दिवशी तपासले असतील, तरच. सारखा दाबून धरलेला ब्रेक तापतो. रिम ब्रेकच्या सायकलला त्याने ट्यूब फुटू शकते, डिस्क ब्रेकची पकड सैल पडू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, मग सोडा, पुन्हा दाबा. वळणात ब्रेक लावू नका. शेजारी-शेजारी चालवू नका. आंधळ्या वळणावर समोरून येणारी गाडी तुमच्या बाजूला आलेली असू शकते. लहान मुलं आणि नवखे गाडीतूनच खाली येऊ देत. महामार्गावरचा घाट मात्र सायकलने कोणीही उतरू नये, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांपुढे सराव कामाला येत नाही.

१३. मुलं आणि साठीपुढचे लोक येऊ शकतात का?

रस्त्यावर स्वतः नीट चालवणारं दहा-बारा वर्षांचं मूल येऊ शकतं, एक मोठा माणूस पुढे आणि एक मागे ठेवून. साठीपुढच्यांना अंतर जड जात नाही, महेश्वरच्या पायऱ्या जड जातात. गुडघे दुखत असतील तर किल्ल्याच्या वरच्या अंगाने या आणि घाट तटावरून पाहा.

१४. सायकलच्या चड्डीत देवळात जाऊ देतात का?

कोणी हटकेलच असं नाही, पण वाड्यातल्या पूजेच्या जागी ते शोभत नाही. वरून घालायला सैल पायजमा किंवा लुंगी पिशवीत ठेवा. पेडलला अडकणारे बूट ओल्या दगडावर घसरतात, साध्या चपला न्या.

१५. वाटेत परिक्रमावासी भेटतात. त्यांच्याशी कसं वागावं?

परिक्रमा म्हणजे नर्मदेची प्रदक्षिणा; तीत नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालतात. म्हणून उत्तर काठावर ते पूर्वेकडे जात असतात आणि सकाळी महेश्वरकडे निघालेल्या तुम्हाला समोरून येताना दिसतात. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर त्यांची संख्या वाढते, आणि त्यांत मराठी बोलणारे इतके असतात की ‘नर्मदे हर’ला उत्तर देऊन पुढचं वाक्य मराठीतच येतं. वेग कमी करा, घंटी जोरात वाजवू नका, आधी ‘नर्मदे हर’ म्हणा. चालणारा थांबला तरच थांबा. पायाला फोड आलेल्या माणसाला मध्येच थांबवून गप्पा मारल्या तर पुन्हा चालायला लागणं त्याला कठीण जातं. द्यायचं असेल तर फळ, शेंगदाणे-गूळ, चिकटपट्टी द्या. न विचारता फोटो काढू नका.

१६. मी (किंवा माझे आई-वडील) परिक्रमेत आहोत. ही सहल मध्ये करता येईल का?

हा प्रश्न दरवर्षी येतो. परिक्रमेचा संकल्प केलेला असेल तर नदी ओलांडायची नाही, म्हणून नावडातोलीची नाव नाही. महेश्वरसमोर पात्रातल्या खडकावर असलेलं बाणेश्वराचं देऊळही लांबूनच नमस्कार करून सोडायचं. सहस्रधारेच्या खडकांवरून आत जाणंही टाळा. पुन्हा, मंडलेश्वरहून महेश्वरकडे जाणं म्हणजे उत्तर काठावर उलट दिशा. परिक्रमा सायकलने करणारेही आहेत; त्यांनी हा रस्ता सहस्रधारेकडून मंडलेश्वरकडे असाच करावा. घरचे कोणी परिक्रमेत असतील आणि तुम्ही नुसते भेटायला निघाला असाल, तर बंधनं त्यांना आहेत, तुम्हाला नाहीत. त्यांना तुमच्या सोयीसाठी मागे बोलावू नका, तुम्ही पुढे जाऊन भेटा.

१७. आभाळ निरभ्र असताना घाटावरचं पाणी अचानक वाढलं, असं का?

वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत. तिथे वीजनिर्मिती सुरू झाली किंवा दरवाजे उघडले की खाली पातळी बदलते. इथल्या आभाळाचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून सायकल, बूट, पिशव्या पाण्यालगतच्या पायऱ्यांवर ठेवू नका. सहस्रधारेत मधल्या खडकावर जाऊन डबा उघडू नका. परतीची वाट पाण्याखाली गेली तर तिथेच अडकाल. नावाडी किंवा पोलीस वर या म्हणाले की लगेच उठा.

१८. उशीर झाला तर मुक्काम करावा की परतावं?

पाच वाजून गेले आणि अजून सहस्रधारेलाच असाल, तर महेश्वरात राहा. छोटी हॉटेलं आणि धर्मशाळा आहेत. गर्दीच्या दिवशी (प्रश्न ६) मात्र खोली मिळत नाही, तेव्हा त्या दिवसांत आधीच ठरवून या. गाडी मंडलेश्वरला असेल तर एकट्याने बसने जाऊन ती महेश्वरला आणावी, बाकीच्यांनी सायकलींपाशी थांबावं. जाम घाट रात्री टाळा, धुक्यात तर नक्कीच.